मुखरूभाऊचा निरोप

आमच्या विद्यापीठात कुणाचीही नक्कल करता येते, एक मुखरूभाऊ सोडून. उपकुलसचिव मॅडम सोप्या. वाक्याच्या शेवटी मान जराशी डावीकडे न्यायची आणि प्रत्येक 'आहे' असा पूर्ण म्हणायचा, जणू त्याचे वेगळे मार्क आहेत. आस्थापना विभागातले सुरेंद्रबाबू त्याहून सोपे. नाकात बोलायचं, हिंदीत सुरू करायचं आणि वाक्य अर्ध्यातच सोडून चहा प्यायला जायचं. मुखरूभाऊ मात्र बोलतच नाहीत. बोललेच तर चार शब्द, आणि त्यातला शेवटचा, पाण्यानं भरलेलं गुंड जमिनीवर टेकवावं तसा अलगद खाली ठेवतात.

मुखरूभाऊ भानारकर आमच्याच मोहल्ल्यातले, ढिवर, म्हणजे पिढीजात मासे धरणारे. विद्यापीठ नदीच्या पलीकडे, कुरखेड्याच्या बाजूला. ते सुरू झालं तेव्हा राइस मिलच्या जुन्या गोदामात होतं. भिंतींना कोंड्याचा वास, आणि इतिहासाच्या तासाला वरून घुशी पळायच्या म्हणे. पावसाळ्यात नदी भरली की अलीकडच्या गावांतली पोरं घरीच बसायची, आणि हजेरी पाहून साहेब लोकांचा जीव खालीवर व्हायचा. मग कुणीतरी डोकं चालवून मुखरूभाऊला त्यांच्या लाकडी डोंग्यासकट रोजंदारीवर घेतलं. चार महिने पोरं नदीपार न्यायची, उरलेले महिने शिपायाचं काम करायचं. खुर्च्या उचला, पाणी भरा, कुलगुरूंच्या गाडीमागची कुत्री हाकला.

डोंग्यात ते कुणाला बोलू द्यायचे नाहीत. एक सुरजागडकडचा पोट्टा मोबाइलवर व्हिडिओ काढायला उभा राहिला, तर म्हणाले, "बस. तू मासोयी नाई." एवढंच. पोट्टा बसला, आणि पुढची तीन वर्षं त्याचं नाव मासोयीच राहिलं.

या कामापायी त्यांनी गावच्या तलावावरची मासेमारी सोडली. आमच्या मच्छीमार सोसायटीचा नियम साधा आहे, जो जाळं ओढायला येतो त्यालाच वाटा. मुखरूभाऊ पोरं वाहत होते, जाळं ओढायला कुठून येणार? सोसायटीनं त्यांचा वाटा काढून दुसऱ्याला दिला. त्यांची बायको इंदुताई पूर्वी घरची मासोळी बाजारात नेऊन विकायची. आता दुसऱ्याकडून घेऊन विकते. तेव्हा ती त्यांना म्हणाली होती की सरकारी काम आहे, आज नाही उद्या पर्मनंट होईल, मग तलावाचं तोंड कशाला पाहायचं.

गेल्या उन्हाळ्यात नदीवर पूल झाला आणि तीन मजल्यांची नवी इमारत उभी राहिली. नवे विभाग, मुलींचं वसतिगृह, मुलचेऱ्याकडच्या बंगाली पोरांसाठी वेगळी बस, वनउपजेचा अभ्यासक्रम. सगळा मोहल्ला खुश, कारण आम्ही इथली बरीच पोरं यंदा पहिल्या वर्षाला होतो. मुखरूभाऊंच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट. डोंगा बंद झाला, आता आपलं काय? नव्या इमारतीत शिपाई म्हणून घेतील की नाही?

हे विचारायला ते सुरेंद्रबाबूंच्या टेबलाशी जायचे आणि उभे राहायचे. विचारायचेही नाहीत, नुसते उभे. सुरेंद्रबाबू फाइलीतून डोकं न काढता म्हणायचे, "टेन्शन मत ले भाऊ, फाइल वर गेली हाय. वरून काही आलं का तुले निरोप देतो." हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं की इंदुताई भाजी नासली तरी म्हणायची, हीसुद्धा सुरेंद्रबाबूच्या निरोपाची वाट पाहत बसली होती.

आमच्याकडे निरोप म्हणजे निरोपच. लग्नाचा येतो, मौतीचा येतो, पाहुणे उद्या पोचतात म्हणून येतो. कॉलेज सोडून जाणाऱ्यांना समोसा देतात त्याला सेंडॉफ म्हणतात. त्याला दुसरं नाव आहे हे पुस्तकात असेल, पण बोलताना कुणी घेत नाही.

सत्र सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मुखरूभाऊंना उपकुलसचिव मॅडमचा फोन आला. त्या पुण्याहून नव्याच आलेल्या. नव्या शैक्षणिक वर्षाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर आम्हाला तुम्हाला निरोप द्यायचा आहे, असं त्या म्हणाल्या, घरच्यांनाही आणा, तुमचा मान आहे. मुखरूभाऊ "हो बाई" म्हणाले आणि फोन ठेवला. मग आत जाऊन इंदुताईला सांगितलं, "निरोप भेटनार हाय. स्टेजवर."

अर्ध्या तासात मोहल्ला गोळा झाला. देवाजीनं, म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षानं, टोमणा मारला की आता मुखरू पँटीत शर्ट खोचेल आणि आपल्याला वळखणार नाही. कुणी म्हणालं, पर्मनंट झाला का पहिले पंखा घे गा. मुखरूभाऊ हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या हसण्याचीही नक्कल कुणाला करता येण्यासारखी नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी नव्या सभागृहात रंगाचा वास होता आणि एसी इतका की सिरोंच्याच्या पोरी ओढण्या गुंडाळून बसल्या होत्या. इंदुताई पुढून दुसऱ्या रांगेत, लग्नातलं लुगडं नेसून, खुर्चीच्या अगदी काठावर. भाषणं झाली. विद्यापीठ झेप घेत आहे, असं तीन जणांनी म्हटलं, आणि तिघांनीही झेप म्हणताना हात उचलला. मग सूत्रसंचालन करणारी मुलगी आवाज मऊ करून म्हणाली की आता एक भावुक क्षण.

मुखरूभाऊ स्टेजवर गेले. शर्ट खरोखरच खोचलेला. मॅडमनी शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवर म्हणाल्या की ज्यांच्या डोंग्यातून हे विद्यापीठ इथवर आलं, त्या मुखरूजींना आज आपण जड अंतःकरणाने निरोप देत आहोत. टाळ्या झाल्या. फोटो झाला. मॅडम जागेवर जाऊन बसल्या.

मुखरूभाऊ तिथेच उभे. टाळ्या थांबल्या तरी उभे. सुरेंद्रबाबूंच्या टेबलाशी राहायचे तसेच. सूत्रसंचालिकेला वाटलं त्यांना बोलायचं आहे, तिनं माइक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाशी नेला, मॅडमकडे पाहिलं आणि म्हणाले, "निरोप सांगा न बाई. मी आयकून राह्यलो."

सभागृह हसलं. वसतिगृहातल्या पोरींना वाटलं, म्हातारा विनोदी आहे. मॅडमही हसल्या, मान डावीकडे नेऊन. आमच्या मोहल्ल्यातलं कुणी हसलं नाही. आम्हालाही निरोप ऐकायचाच होता.

तेव्हा सुरेंद्रबाबू स्टेजवर चढले. त्यांनी मुखरूभाऊंचा दंड धरला आणि हळूच त्यांच्या कानात सांगितलं. पण माइक चालूच होता. "भाऊ, निरोप म्हंजे सेंडॉफ. आता शिपायाच्या कामाले पोट्टे एजन्सीचे येनार हाये."

ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखं. मुखरूभाऊंनी माइककडे पाहिलं. मग म्हणाले, "असं हाय का." आणि माइक दोन्ही हातांनी परत दिला.

कार्यक्रम पुढे चालू झाला. पंच्याहत्तर टक्के हजेरी, रॅगिंगविरोधी समिती, बसचे थांबे. मुखरूभाऊ शाल पांघरूनच इंदुताईशेजारी येऊन बसले.

जेवणाच्या वेळी ते सुरेंद्रबाबूंपाशी गेले. या वेळी नुसते उभे राहिले नाहीत, विचारलं, "बाबू, सेंडॉफ झाल्यावर जेवून जाचं असते, का आताच जाचं?"

सुरेंद्रबाबूंचं वाक्य पहिल्यांदाच सुरू व्हायच्या आधी संपलं. त्यांनी पत्रावळ्यांच्या टेबलाकडे हात केला आणि दुसरीकडे पाहू लागले.

मुखरूभाऊ रांगेत लागले. पुढचा एक नवा पोट्टा शाल पाहून गडबडला. त्याला वाटलं प्रमुख पाहुणे आहेत. सर, तुम्ही आधी घ्या, म्हणत तो बाजूला सरकला, त्याच्या पुढचाही सरकला, आणि बघता बघता सगळी रांग त्यांना वाट करून देत गेली. ते पुढे गेले, भात-वरण घेतलं.

इंदुताई जेवली नाही. बाहेर नव्या फरशीच्या पायरीवर चपला घालून, पदर घट्ट खोचून बसली होती. तिच्या शेजारी जागा करून मुखरूभाऊ बसले आणि वरण भातात कालवू लागले. आमचा पहिला तास सुरू व्हायची वेळ झाली, आम्ही त्यांच्या बाजूनं जिना चढलो. वरच्या खिडकीतून पाहिलं तेव्हाही ते भात कालवतच होते.