पुसलेली गणितं

ताज्या रंगाचा वास आला की खडकीच्या शाळेत मी शिकवायचे तो आठवीचा वर्ग आठवतो. एका आयटी कंपनीने स्मार्टबोर्ड दिला, म्हणून शाळेने जुना फळा काढून भिंती रंगवल्या होत्या. रविवारी स्कॉलरशिपची परीक्षा होती आणि शनिवारी सकाळीच बोर्ड बंद पडला. दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता. काळ-काम-वेग अजून कुणालाच जमत नव्हतं, म्हणून मी खडूने थेट भिंतीवर गणितं सोडवायला घेतली. मुलं भराभर उतरवत होती, तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "अहो बाई, भिंत शाळेची आहे, तुमच्या मोर्चाची नाही. दुपारी कंपनीचे पाहुणे येतायत. पुसा ते." चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली मी, उत्तर ओठांवर होतं. पण नोकरी कंत्राटी होती. मी ओलं फडकं घेतलं. "बाई, जरा सावकाश पुसा ना," पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली. मुख्याध्यापक दारातच उभे होते. मी वरून झपाझप पुसत आले आणि मुलांनी उतरवायच्या आत रीतच गेली. मुलांच्या वह्यांत नुसती उत्तरं उरली. आज मी अन्यायावर तावातावाने लिहिते, पण त्या दिवशी सावकाश पुसणं माझ्या हातात होतं आणि तेवढंही मी केलं नाही.