अंगठ्याचं नख

ताट वाढण्याआधी सिंधू पोराचा अंगठा धरायची आणि नख दाबून सोडायची. नख लगेच लाल झालं तर ताट पुढे. पांढरंच राहिलं तर आधी बोलणी. "भजे अन् चहावर कॉलेज शिकून राह्यला काय रे? तुह्या मायनं याच्यासाठी धाडलं काय तुले वर्ध्याले?" मग त्याच्या ताटात अंबाडीची भाजी दुप्पट, वर गूळ-शेंगदाणे.

सिंधू माझी बायको. सत्तरच्या दशकात आम्ही वर्ध्यात कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवली. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. नख पाहायचं ती एका नर्सबाईकडून शिकली होती. मी तिला डाक्टरीणबाई म्हणून चिडवायचो. पोरं देवळीची, हिंगणीची, खेड्यापाड्यांतली. सिनेमापायी जेवण बुडवायची. दुसऱ्या दिवशी सिंधू दारातच अडवायची. "भाजी नाई आवडत, वरण नाई आवडत. मंग हवा खातं काय, बापू?" पोरं हसायची, पण ताट साफ करायची.

ती स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायची. पोरं झाली, मी झालो, मग ती. तोवर भाजीचं पातेलं खरवडलेलं असायचं. भाकर आणि जवसाची चटणी, तेवढंच. मला दिसत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दिसत होतं. बायका मागूनच जेवतात, एवढंच मला ठाऊक.

शरद नावाचा एक पोरगा डॉक्टरकी शिकत होता. एकदा त्यानं उलट तिचाच अंगठा धरून नख दाबलं आणि पुन्हा दाबून पाहिलं. मग म्हणाला, "काकू, उद्यापासून तुम्ही आमच्यासंग पहिल्या पंगतीत बसायचं. मी वाढतो."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून भाजीची थैली घेऊन आलो, तर पोरांच्या रांगेत सिंधू पाटावर बसलेली. शरद तिला वरण वाढत होता. तिच्या हातात पहिला घास होता. माझं डोकं फिरलं.

"वा! पोरं वाढून राह्यले अन् मालकीण गिळून राह्यली! लाज हाय का नाई?"

शरद म्हणाला, "काका, काकूंच्या अंगात रक्त नाई."

"तू आधी पास हो, मंग सांगजो मले."

सिंधूनं घास ताटात ठेवला. "बसा रे, जेवा. मले भूकच नाई," म्हणाली आणि चुलीपाशी गेली. त्यानंतर ती पंगतीत कधी बसली नाही. मीही बस म्हटलं नाही. म्हणायला मला पुढे चार-पाच वर्षं होती. शरद शिकून गेला. जाताना तिच्या पाया पडला, माझ्या नाही.

मग तिला पाण्याची घागर उचलताना धाप लागायला लागली. पाय सुजले. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला विचारलं, "यांच्या खाण्याकडे कोण पाहत होतं?"

एवढी वर्षं खानावळ चालवणारा माणूस मी.

दुपारी तिचा डोळा लागला होता. मी तिचा अंगठा हातात घेतला आणि नख दाबून सोडलं. लाल होईल म्हणून वाट पाहत बसलो. ते पांढरंच राहिलं.

तिनं डोळे उघडले. हात सोडवून घेतला नाही. एवढंच म्हणाली, "आता काऊन पाहून राह्यले तुम्ही?"