पाव वळसा

नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातल्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ते दर शनिवारी लोकांच्या सायकली फुकट दुरुस्त करायचे. साठीचे डच गृहस्थ, नाव मी कधी विचारलं नाही. वाकड्या चाकाचा आउट काढताना, म्हणजे ते सरळ करताना, स्पोक पाव वळसाच आवळायचे, चाक फिरवून बघायचे, मग पुन्हा पाव वळसा.

एकदा मी माझं चाक घेऊन बसलो होतो, तेव्हा वेळ लागतोय म्हणून एक बाई त्यांच्यावर ओरडल्या. त्यांचे कान लाल झाले. पाना टेबलावर ठेवून त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि बाईंचं संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "सॉरी, अजून दहा मिनिटं."

"राग नाही आला?" मी नंतर विचारलं.

"आला की. पूर्वी पाना फेकला असता. एकदा मुलावर फेकलाही होता. तो अजून घरी येत नाही." ते चाक फिरवत राहिले. "मला वाटलं होतं, बाप्तिस्मा घेतला की राग जाईल. अकरा वर्षं झाली. देव मला रोज पाव वळसाच आवळतोय."

संध्याकाळी घरी मी मराठीत बोललो, तर माझ्या मुलीनं पुन्हा डचमध्ये उलट उत्तर दिलं. माझे कान तापले. मी हात खिशात घातले.