साडूंच्या गाडीचा विजेवरचा चोक

माझ्या साडूंइतका अडेल माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी सांगतोय, ज्याला सगळं नेकनूर अडेल म्हणतं. साडू साखर कारखान्याच्या चेअरमनचे ड्रायव्हर. पाण्यावाचून ऊस वाळला, कारखाना बंद पडला, चेअरमनही वारले. कारखान्यानं त्यांना दिलेली जुनी विलायती गाडी मात्र साडूंच्या गोठ्यात राहिली. गुरं चारा छावणीला गेलेली, गोठा मोकळाच होता. टँकर आला की पहिला तांब्या गाडीच्या रेडिएटरला, मग माणसांना. बायकोला ते 'ए' म्हणत, गाडीला 'बाईसाहेब'. एकदा मी बॉनेटवर टोपी ठेवली, तर म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या डोस्क्यावर कुणी टोपलं ठिवलं तर चालंल का?" त्या दिवशी मी त्यांचा चहा घेतला नाही.

बाईसाहेबांचं दुखणं एकच, चोक. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप. गार इंजनाला ती मिटलेली लागते, तापल्यावर उघडी. इतर गाड्यांत ती हातानं ओढायची. हिच्यात किल्ली फिरवली की वीज एक स्प्रिंग तापवते आणि झडप आपोआप उघडते. गावातल्या गावात गाडी निमूट सुरू व्हायची. लांब जायचं म्हटलं की साडू आधी पूजा घालत, तीही किल्ली फिरवून, समोरचा लाल दिवा लागल्यावर. "निजलेल्या देवाला कुणी निवद दाखवतं का?" मग हळद-कुंकू, उदबत्ती, नारळ, चाकाखाली लिंबू, कारखान्याच्या दिशेला नमस्कार. एवढं सगळं झाल्यावर बाईसाहेब नुसत्या घर्र घर्र करायच्या. दिंद्रुडच्या लग्नाला आम्ही शेवटी एसटीनं गेलो, पोचलो तेव्हा पत्रावळ्या उचलत होते.

ऐन थंडीत कारखान्याचा साहेब येऊन सांगून गेला. कारखाना विकला. घेणारा म्हणतो, गाडी चालत आली तर शोभेला ठेवू, नाही तर भंगारात. परवा सकाळी न्यायला येतो.

साडू जेवले नाहीत. चोकच्या तारेला बल्ब लावून पाहिला, लख्ख पेटला. तार बदलली, अर्थिंग घासली. मी म्हटलं, "ती विजेची स्प्रिंग काढून फेका, झडपेला सुतळी बांधा."

"बाईसाहेबांला येसण घालू? गप बस बे!"

साडू असून मला बे म्हणाले. तरी मी उठलो नाही. कंदील धरून बसलो.

ठरल्या सकाळी साहेब दारात आला. साडूंनी किल्ली फिरवली, पूजा यथासांग केली, स्टार्टर मारला. घर्र घर्र. साहेबानं भंगारवाल्याचा टेम्पो आणायला माणूस धाडला. तेव्हा मेव्हणी पुढं आली. नवऱ्याच्या कामात ती कधी बोलायची नाही.

"गावात जाताना चालू हुती, मंग पुजेच्या दिशीच कावून रुसती वो? किल्ली फिरवून ठिवता आन् आरती करीत बसता."

साडूंनी बॉनेट उघडलं. मग त्यांनी कार्बोरेटरचं झाकण काढलं. इंजन बर्फासारखं गार आणि झडप सताड उघडी! पूजा होईस्तोवर वीज तिकडं स्प्रिंग तापवत बसली होती. चोक कधी बिघडलाच नव्हता.

स्प्रिंग निवेस्तोवर थांबलो. साडूंनी एकदा एक्सिलेटर दाबला, झडप मिटली. नारळ नाही, नमस्कार नाही. किल्ली फिरवली आणि त्याच दमात स्टार्टर मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मेव्हणीनं डोळ्याला पदर लावला.

कारखान्याच्या फाटकात गाडी ऐटीत शिरली. आवारात कुत्रंसुद्धा नव्हतं. साडूंनी उतरून साहेबाच्या हाती किल्ली दिली. "फिरवली की लगीच स्टार्टर मारायचा. मधी देव-बिव काई करायचा न्हाई." साहेब "बरं" म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून आत गेला. पूर्ण ऐकलंही नसेल त्यानं.

परतीच्या एसटीत साडू खिडकीशी बसले.

"वाचली गाडी, साडू," मी म्हटलं.

"वाचली," ते म्हणाले. पुढं वळण आलं, तसा त्यांचा उजवा पाय खालच्या फळीवर घट्ट दाबला गेला.