मोबाईलने लक्षात ठेवलेला शब्द

आमच्या गावात एकाच कंपनीची रेंज येते आणि ते कार्ड माझ्या मोबाईलमध्ये आहे. एवढ्यावरून माझ्या धाकट्या पोरीचं घर मोडता मोडता राहिलं. राहिलं असं मी म्हणते. खात्री अजून नाही.

पोरगी सेनगावच्या पलीकडे दिली आहे. तिला दोन मुली. दुसरीच्या वेळी तिचं रक्त थांबेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आजी, हिला आता लवकर दिवस जाऊ देऊ नका. पुन्हा असं झालं तर हातात काही राहणार नाही." मी ते जावयाला सांगितलं, विहिणीलाही सांगितलं. विहीण म्हणाली, "डॉक्टर असंच भिववून राहतेत. आमी पोरगं झाल्याबिगर थांबत न्हाई." जावई शेजारीच बसला होता. तो दारू पीत नाही, हात उचलत नाही. पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही, आणि असल्या माणसाचा पोरीला उपयोग शून्य.

बाळंतपणानंतर पोरगी माझ्याकडे होती. तेव्हा सुनेला सांगितलं, नरसीला देवाला जाऊन येतो, आणि पोरीला घेऊन गेले दवाखान्यात. तांबी बसवून आणली. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवतात ती. परत येताना नारळाचा प्रसाद विकत घेतला आणि सुनेच्या हातावर ठेवला. ही गोष्ट मला आणि पोरीलाच ठाऊक. तिच्या सासरी कळलं असतं तर तिला तांबी काढायला लावली असती, नाहीतर दोन्ही लेकरांसकट माझ्या दारात आणून सोडली असती. दुसरं मला चाललं असतं. पहिल्याने ती मेली असती.

तांबीने तिला त्रास व्हायला लागला. पोटात कळा, अंगावरून जास्त जाणं. मला विचारावं तर फोनवर बोलायची सोय नाही. माझा फोन गेला की विहीण स्पीकर लावायला सांगते. "आमाला बी ऐकू द्या की इहीणबाईचं," म्हणते आणि शेजारी बसून भाजी निवडते. म्हणून आम्ही दोघी लिहायला लागलो. मी चौथीपर्यंत शिकले आहे. लिहिते हळू, पण बरोबर लिहिते.

पोरीला मी एक नियम घालून दिला होता. वाचायचं आणि पुसायचं. आमच्या शाळेत पाटी होती. ओल्या हाताने पुसली की आधी काय लिहिलं होतं ते मास्तरलासुद्धा कळत नव्हतं. मला वाटलं, मोबाईल तसाच.

मोबाईलवर अक्षरांच्या वर एक पट्टी असते. एक अक्षर दाबलं की तिच्यात तीन शब्द येतात. आपल्याला हवा तो असला तर त्याच्यावर बोट ठेवायचं, पूर्ण शब्द आपोआप पडतो. निंदण करून करून माझी बोटं वाकडी झाली आहेत. मला ती पट्टी फार सोयीची वाटायची. पुढे पुढे तर अक्षर दाबायच्या आधीच शब्द येऊ लागले. मला वाटलं, मोबाईल हुशार आहे.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी अधिकमास येतो तेव्हा आमच्याकडे लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून घालतात. त्या दिवशी जावई देवाच्या जागी. त्याचे पाय धुवायचे, कपडे करायचे, तो म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही.

आदल्या दिवशी सून माझा मोबाईल घेऊन ओट्यावर बसली. जवळच्या गोरेगावच्या दुकानदाराला गूळ आणि हरभऱ्याची डाळ कळवायची होती. माझा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, घरात आम्ही दोघी आणि तिचं एक पोरगं. मी गहू पाखडत होते. बराच वेळ झाला तरी तिचं लिहून होईना, म्हणून मी वर पाहिलं. तिचा चेहरा पडला होता.

"आत्या," ती म्हणाली, "ह्ये कोणाला लिहिलं तुमी?"

"काय लिहिलं?"

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात निरोप कुठलाच नव्हता, सगळे पुसलेले. पण पट्टीवर तीन शब्द होते. पहिला 'पोरी'. दुसरा 'तांबी'. तिसरा 'काढू'.

सुपातले गहू माझ्या मांडीवर सांडले. मी म्हणाले, "तुला काय करायचंय? गूळ सांग आणि ठेव मोबाईल."

"पण कोणाला लिहिलं?"

"सांगितलं ना, ठेव."

तिने ठेवला. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, हिला कळलं. आता ही माहेरी सांगणार, माहेरचे सेनगावच्या बाजाराला जातात, तिथून विहिणीच्या कानावर जायला कितीसा वेळ. नणंदेचं गुपित हाती लागल्यावर कोणती भावजय सोडते?

मी मोबाईल घेऊन गोठ्यात गेले. सेटिंगमध्ये शिरले. तिथे इतक्या गोष्टी होत्या की गावचा उकिरडा बरा. 'आपोआप सुधारणा' असं एक दिसलं. ते बंद केलं. वाटलं, झालं. पुन्हा लिहून बघायला पाहिजे होतं, पण भीतीच अशी की तो शब्द परत दिसला तर काय, म्हणून बघितलंच नाही. भ्यालेला माणूस अर्धवटच काम करतो.

दुसऱ्या दिवशी लेक-जावई जीपने आले. जावयाचे पाय धुतले, पाटावर बसवलं. पोरीचा चेहरा पिवळा होता, पण कळा येतात का हे विचारायला तिला एकटी गाठता येईना. दोन्ही लेकरं तिच्या पदराला. जावयाने पहिला धोंडा फोडला, त्यावर मी तूप वाढलं. तेवढ्यात तो म्हणाला, "मामी, इथं आमच्या दोघांच्याबी मोबाईलला रेंज न्हाई. तुमचा देता का? हळदीच्या व्यापाऱ्याला एक निरोप टाकायचाय."

मोबाईल माझ्या कमरेला पिशवीत होता. माझा हात तिकडे गेलाच नाही. म्हणाले, "आधी जेवा की, जावईबापू. हळद कुठं पळून राहिली?"

"हळद न्हाई पळत मामी, भाव पळतो."

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिला पट्टीचं काही ठाऊक नव्हतं. म्हणाली, "दे की आई, काहून अडून बसलीस?"

सून चुलीपाशी होती. ती वळली आणि माझ्याकडे टक लावून बघू लागली.

मी मोबाईल दिला. न देऊन काय सांगणार होते? त्याने डाव्या हातात धरला, उजवा पुरणाने भरलेला. अक्षरं वर आली. पट्टीही आली. तो थांबला. कपाळाला आठी पडली. मान वर करून त्याने आधी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मामी, ह्ये काय ठेवलंय तुमी?"

माझ्या हातात तुपाची वाटी होती. ती मी पडू दिली नाही. त्या दिवशी तेवढंच काय ते मला जमलं. मनात आलं, आज पोरगी इथेच राहणार. दोन्ही लेकरं इथेच राहणार. नाहीतर हा हिला उठवून नेईल आणि उद्या त्याची आई हिला घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहील.

"काय जी?" मी म्हणाले.

"समदी अक्षरं मराठी. मला न्हाई जमत मराठीत. आमी इंग्लिश अक्षरांत लिहितो." त्याने खालची एक खूण दाबली आणि अंगठ्याने भराभर लिहायला लागला. निरोप गेला. मोबाईल पाटाशेजारी ठेवून तो म्हणाला, "तूप वाढा की."

मी वाढलं. त्याने आणखी दोन धोंडे खाल्ले. मी ते मोजत नव्हते, त्याचं तोंड बघत होते. बायकोने आपल्याला फसवलं असं ज्याला कळलं तो माणूस तिसरा धोंडा मागत नाही, असं मी मनाला सांगितलं. पण क्षणभर का होईना, पट्टी त्याच्या डोळ्यासमोर होती. वाचली की नाही, हे त्यालाच माहीत.

जेवणं झाल्यावर तो ओसरीवर आडवा झाला. सुनेने मला मागच्या अंगणात ओढलं. म्हणाली, "आत्या, खरं सांगा. त्यो शब्द माझ्यासाठी व्हता का ताईसाठी?"

"तुझ्यासाठी कशाला असेल?"

ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, "मी बी बसवलीय. लेकरू वर्षाचं झालं तवाच. तुमच्या पोराला ठाऊक हाय, तुमाला न्हाई. तुमी सारखं म्हणत व्हता, एकाला जोडी पायजे, एकाला जोडी पायजे. काल मला वाटलं, तुमाला कळलं आन् तुमी त्यांला पुण्याला लिहून राहिल्या."

विहिणीला मी मनात शिव्या देते, आणि माझ्या घरात माझी सून माझ्यापासून तांबी लपवून बसली होती. काल दिवसभर ती मला भीत होती आणि मी तिला.

"ताईचीच हाय," मी म्हणाले.

"द्या इकडं मोबाईल."

तिने दोन मिनिटांत केलं. सुधारणा बंद करून काही होत नाही, म्हणाली. पट्टीच बंद करावी लागते, आणि पुढचा शब्द सुचवणंही. आणि तेवढं करूनही मोबाईलने आधी शिकलेलं आत राहतंच. ते पुसायची जागा वेगळी. तिथे बोट लावलं तेव्हा मोबाईलने एक आकडा दाखवला आणि तोच लिहायला सांगितला, खरंच पुसायचं का म्हणून. सुनेने लिहिला. मग मला म्हणाली, "आता लिहून बघा."

मी 'ता' लिहिलं. वर काही आलं नाही. पुढचं मी लिहिलं नाही.

"ताईच्या मोबाईलमधी बी असंल ना?" सून म्हणाली.

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरीचा मोबाईल कधी कधी जावईसुद्धा वापरतो.

निघायच्या वेळी पोरीची ओटी भरायची होती. सुनेने मोठ्याने सांगितलं, "ताई, द्या मोबाईल, लेकरांचे फोटो काढते." आणि मोबाईल घेऊन आत गेली. मी पोरीच्या पदरात गहू घालत होते. पुरुष अशा वेळी लांब उभे राहतात. मी खाली वाकून तिच्या कानात सगळं सांगितलं. "त्यांनी बघितलं का?" ती म्हणाली. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. कळा?" ती म्हणाली, "कमी हायत." कमी आहेत की मला सांगण्यापुरत्या कमी आहेत, हे विचारायला वेळ नव्हता. सून बाहेर आली, मोबाईल तिच्या हातात दिला आणि डोळ्याने मला सांगितलं, झालं.

चार दिवस बरे गेले. मग जावयाचा फोन आला. पोरीचा नाही, त्याचा.

"मामी, एक इचारायचं व्हतं. हिच्या मोबाईलमधी वरचे शब्द यायचे बंद झाले. तुमच्याकडून आल्यापासून. कोणी काही केलं काय?"

आम्ही भीती घालवायला जे केलं होतं, तेच त्याच्या डोळ्यावर आलं होतं.

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले. सून समोरच होती. तिने स्वतःकडे बोट केलं. मी म्हणाले, "सुनेने फोटो काढले होते. तिच्या हातून काही दाबलं गेलं असेल."

"तसंच असंल," तो म्हणाला. "मी केलं परत चालू. मला लागतात ते शब्द. तुमची तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे."

त्याने फोन ठेवला. मी सुनेला विचारलं, पुसलेलं परत येतं का? ती म्हणाली, पुसलेलं येत नाही, पण आता ताई जे लिहील ते तो पुन्हा शिकेल.

दुपारी पोरीचा निरोप आला. तिने लिहिलं होतं, 'आई, आता काही लिहू नको.' मी तो पुसला. पण तिच्या मोबाईलने तेही शिकून घेतलं असेल, असं वाटून माझं जेवण गेलं नाही.

त्यानंतर आम्ही कामाचं काही लिहीत नाही. माझ्याकडची पट्टी बंदच आहे. एकेक अक्षर शोधून मी रोज लिहिते, 'जेवलीस का'. ती लिहिते, 'जेवले'. तिला कळा येतात का, अंगावरून किती जातं, हे मला ती नागपंचमीला माहेरी येईल तेव्हाच समजेल. त्याने त्या दिवशी पट्टी वाचली होती का, हेही कदाचित तेव्हाच समजेल, ती सणापुरती येते की दोन्ही लेकरांसकट गाठोडं घेऊन कायमची येते त्यावरून. तोवर तिचं 'जेवले' आलं की मी ते वाचते आणि पुसत नाही. कोणी मोबाईल मागितला तर त्यात काहीतरी दिसायला पाहिजे.