जंक्शनची खुर्ची

माझे पूर्ण नाव श्रीरंग नामदेव भोकरे, वय अठ्ठ्याहत्तर. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे सर्व वाचून. नोकरी छापखान्यात, पुस्तकबांधणीत. बांधणीला आलेली रेल्वेची नियमपुस्तके मी शिवण्यापूर्वी वाचून काढत असे.

दर रविवारी सकाळी कोथरूडला, सोसायटीच्या हॉलमध्ये, आम्ही चौघे संगणकावर रेल्वे चालवतो. एकेका संगणकावर एकेक स्टेशन. गाड्या आज्ञावली पाठवते. मार्ग आणि सिग्नल आम्ही लावतो. जंक्शन तीन वर्षे माझ्याकडे होते. यंदा कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढे प्रात्यक्षिक ठरले, आणि जंक्शनवर कोणी बसायचे ते कांबळेसाहेब सांगतील असे जाहीर झाले. विश्रांतवाडीचे कांबळेसाहेब निवृत्त स्टेशनमास्तर. आमच्यातले एकमेव खरे. त्या दिवसापासून मी सावध झालो. सावध माणसाजवळ किस्से फार साठतात.

माझी मेलगाडी दर रविवारी चार मिनिटे उशिरा सुटू लागली. आज्ञावली तेजस्विनीने बसवलेली. ती आयटीत आहे. मी तिला सरळ विचारले, "यात काही फेरफार केला आहेस काय?"

तिने नोंदी उघडून दाखवल्या. "काका, सिग्नल देण्याआधी तुम्ही चार मिनिटं विचार करता. कॉम्प्युटरने उशीर मोजलाय, केलेला नाही!"

विचाराला वेळापत्रकात जागा ठेवलेली नाही, हा दोष वेळापत्रकाचा. मी तसे लेखी दिले.

ओसवालशेठ मार्केट यार्डातले कांद्याचे व्यापारी. एकदा त्यांनी माझी मेल बाजूच्या लाइनीवर उभी करून कांद्याची मालगाडी पुढे काढली. मला अडकवण्याचाच हा डाव, याबद्दल मला शंका नव्हती.

"शेठ, संगणकातला कांदा सडत नाही," मी म्हणालो.

"अहो भोकरे, मग मेलमधली माणसं तरी कुठे खोळंबलीत!"

पुढच्या रविवारी माझा सिग्नल अकारण लाल झाला. मी उठून शेठजींच्या कीबोर्डाची पाहणी केली. शेठजींनी दोन्ही हात वर केले. "झडती घ्या, साहेब! खिशात पण बघा!"

कांबळेसाहेब चहा पीत होते. "भोकरे, शंका आली की सिग्नल आपोआप लाल होतो. तुमच्यासारखाच. फरक इतकाच, तो कोणाचं नाव घेत नाही."

मग तिघे कुजबुजू लागले. मी आत गेलो की बोलणे थांबे. एकदा शेठजींनी मला न विचारता खुर्चीवर उशी आणून ठेवली. ती मी दुसऱ्या खुर्चीवर ठेवली.

प्रात्यक्षिकाआधीचा शेवटचा सराव सिग्नलचे यंत्र बंद पडल्याचा होता. अशा वेळी पुढच्या स्टेशनची परवानगी फोनवर घ्यायची. परवानगी देणारा आपल्या गुप्त तक्त्यातला एक आकडा सांगतो. तो वहीत लिहायचा आणि मगच गाडी सोडायची. आकडा नाही, तर परवानगी नाही. हा नियम मला पानासह पाठ आहे.

तेजस्विनीला मी आकडा दोनदा म्हणायला लावला. शेठजींना तीनदा.

नंतर कांबळेसाहेबांचा फोन आला. मालगाडी त्यांच्याकडे जायला निघाली होती. मागे माझी मेल उभी होती.

"भोकरे, मालगाडी आली बरं का. सोडा मेल."

मी सोडली. चार मिनिटे मुळीच लावली नाहीत.

दोन स्टेशनांच्या मध्ये मालगाडी अजून उभीच होती. पडद्यावर दोन्ही गाड्यांच्या लाल पट्ट्या एक झाल्या.

"आकडा विचारला नाहीत," कांबळेसाहेब शांतपणे म्हणाले.

"आपण होतात, म्हणून नाही विचारला!"

"त्या दोघांना विचारलात."

"त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता."

"म्हणून त्यांच्याकडच्या गाड्या सुखरूप पोचल्या," कांबळेसाहेब म्हणाले.

प्रात्यक्षिकाला जंक्शनवर तेजस्विनी बसली. आता ते तिच्याकडेच असते. माझ्याकडे शेवटचे, छोटे स्टेशन आहे.