नांदेडच्या गाडीतली ताडपत्री

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. वसमतच्या बाजारात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं यंत्र, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांचं, खणाखणांचं कपाट आणि मागच्या दोरीवर सुकत टांगलेले कागद. दारूबंदीची सभा, हमालांचा संप, हळदीच्या वजनातल्या कपातीचा निषेध, सगळं आमच्याकडून छापून जायचं. सावकाराचं आणि बुवाबाबांचं काम मात्र आप्पा घेत नसत. "शाई न्हाई आपल्याकडं," एवढंच सांगत. शाईचा भरलेला डबा समोरच असायचा. तो लपवायचीही तसदी ते घेत नसत.

अशा घरात वाढलेल्या मुलीला 'धंदा' हा शब्द शिवीसारखाच माहीत असतो. जग बदलायचं तर लोकांना हाक द्यायची, लोक जागे होतात, रस्त्यावर येतात, असा माझा ठाम विश्वास होता. अजूनही आहे. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या ताईने मला दुसरं काहीतरी दाखवलं, आणि ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

फ्लेक्स आले तसा छापखाना बसत गेला. त्यात ताई सासरहून कायमची निघून आली. तिकडून निरोपावर निरोप येत होते, झालं गेलं विसरू, परत ये. छापखान्याच्या गाळ्याचे मालक निवृत्त कारकून, आप्पांचे जुने स्नेही. एकदा चहा पीत म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघा. काही चालू केलं तर गाळा तुमचाच. न्हाईतर भाचा मोबाइलचं दुकान टाकतो म्हणून राहिला." ते भले गृहस्थ होते, बोलताना खाली बघत होते. गाळा गेला तर ताईला सासरी परतण्यावाचून वाट नाही, असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. तिला सोडून.

"काहीतरी काढते मी," ती म्हणाली. पण काय?

मग आप्पांनी आणि मी आम्हाला जे येतं ते केलं. पत्रक काढलं. 'वसमतकरांनो, आपल्या गावात काय कमी आहे? निर्भयपणे सांगा!' मी ते बसस्टँडवर, बाजारात, धान्य-हळदीच्या मोंढ्यात वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यापुढे ही गर्दी. एकाला नाली हवी होती, एकाला शाळेवर गणिताचा मास्तर. एक आजी रेशनकार्डच घेऊन आल्या. एकाने घाईत विचारलं, "मोर्चा किती वाजता हाय? मला दुपारी पाणी द्यायचंय गव्हाला." त्याच्या मागे पोलीस उभा, परवानगी घेतली का म्हणून.

ताई हसत हसत कागदाच्या गठ्ठ्यावरच बसली. "येडी गं तू! आणि आप्पा, तुमी बी? आपल्या छापखान्यातून आलेला कागद लोक दुसरं काय समजणार?"

"लोकांना विचारायचं न्हाई तर कुणाला विचारायचं?" मी तणतणले.

"विचारलं की माणूस सरकारकडं बघून बोलतो. मला ते स्वतःचा दिवस मोडून, पदरचं तिकीट काढून कशासाठी जातात ते बघायचंय."

दुसऱ्या सकाळी ती नांदेडच्या गाडीत बसली. मला सोबत नेलं. जे इथं मिळत नाही त्यासाठीच माणूस नांदेडला जातो, इतका साधा तिचा हिशोब. आम्ही मागच्या बाकावर बसलो, सामान ठेवतात तिथं. ती कुणालाच 'काय हवं' म्हणून विचारत नव्हती. "काहून चाललात मावशी?" एवढंच म्हणायची आणि मावशी पिशवी उघडून दाखवायची. मिक्सरचं भांडं. रुमालात बांधलेला मोडका चष्मा. लग्नाच्या ब्लाउजचं कापड. गोणपाटात गुंडाळलेला पंपाचा भाग, आणि तेलाने काळी झालेली त्या माणसाची मांडी. एका बाईच्या ओटीत देवघरातला चांदीचा टाक होता, झिजून देवाचा चेहराच गेलेला. ती तो घडवून आणायला निघाली होती आणि सोबत बसलेल्या नातवापेक्षा त्याला जास्त जपत होती.

याच गाडीने मी पत्रकं घेऊन कितीदा गेले असेन. सगळ्यांच्या हातात कागद दिला होता. त्या हातांत आधीच काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, अख्खं गाव पोट उघडं करून माझ्यासमोर बसलंय.

असं बरेच दिवस चाललं. दिसलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, आणि खरी कसरत तिथंच सुरू झाली. शाळेचे गणवेश शिवायचं काम सगळ्यात सोपं होतं, ताईला शिवण येत होतं. आप्पांनी मान डोलावली, मालकांनीही. ताई चौकशीला गेली आणि तासाभरात परत आली.

"कापड संस्थाचालकाच्या मेव्हण्याकडूनच घ्यायचं म्हणे," ती चपला काढत म्हणाली. "शाई न्हाई आपल्याकडं."

आप्पा कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले.

मिक्सरवाले एकदा येतात, दुसऱ्यांदा नवाच घेतात. चष्म्याची काडी आजोबा दोऱ्याने बांधून महिनोन् महिने चालवतात. एकेक गोष्ट ती हातात घेऊन बघायची आणि बाजूला ठेवायची, मोंढ्यात हळकुंड मोडून बघतात तशी. मला वाटायचं, ही घाबरलीय. पाडवा जवळ येत होता.

मग एका सकाळी ताडपत्री आली. शिरड शहापूरच्या रस्त्यावरच्या तांड्यातले एक काका ती जाड घडी उराशी धरून गाडीत चढले आणि वाट अडली.

"ओ काका," कंडक्टर ओरडला, "सोयरीक हाय का तुमची, शेजारी बसवायला? टपावर टाका ती!"

"टपावरून उडाली म्हंजे? तिकीट काढतो की तिचं. अर्धं काढू का, लेकरू हाय म्हणून?"

गाडी हसली. काका हसले नाहीत. ताईने त्यांना बसायला जागा दिली. उकडलेली हळद तांड्याच्या मैदानात वाळत पडली होती, रोज आभाळ भरून येत होतं आणि ताडपत्री जोडावर उसवली होती, दोऱ्या ओवायच्या रिंगा फाटून निघाल्या होत्या. चांभार म्हणाला एवढं मोठं धूड कुठं घेऊ, शिंप्याच्या मशीनची सुई तुटली. "नवी घ्या की," मी म्हणाले. "नवी पातळ येती, बाई. एक उन्हाळा बी काढत न्हाई." बोलत होते आमच्याशी, नजर खिडकीतून वर होती.

संध्याकाळच्या गाडीत ते पुन्हा भेटले. तीच घडी, तशीच फाटकी. नांदेडच्या दुकानदाराने आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं होतं. ताई ताडपत्रीकडे बघतच नव्हती. ती काकांच्या नजरेमागोमाग आभाळाकडे बघत होती. गणवेश थांबू शकतो, चष्मा थांबू शकतो. हा माणूस थांबू शकत नव्हता.

"काका, ती माझ्याकडं द्या. उद्या संध्याकाळी घेऊन जावा."

मी तिला चिमटा काढला. तिने आयुष्यात ताडपत्री शिवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री गाळ्यात मावेना, अर्धी रस्त्यावर आली. शिलाई मशीनचा प्रश्नच नव्हता. आप्पांनी बायंडिंगचं सामान काढलं. दाभण, मेण लावलेला दोरा, फायलींना पितळी रिंगा ठोकायचं हातयंत्र. आप्पांची नजर अधू झालीय, पण वह्या बांधून बोटांना सगळं पाठ. "वहीचा टाका घाल," ते ताईला म्हणाले. "प्रत्येक टाक्याला गाठ. एक तुटला तरी पुढचा सुटत न्हाई." दोघं समोरासमोर बसून शिवत होते. मी रिंगा ठोकत होते आणि रस्त्यावरून जाणारी माणसं ताडपत्रीला वळसा घालून जात होती.

संध्याकाळी काकांनी एका टोकावर पाय रोवून जोड दोन्ही हातांनी ओढून बघितला. "किती झाले?"

"पाऊस पडल्यावर सांगते," ताई म्हणाली.

"म्हंजे माझ्या हळदीवर पाऊस यावा म्हणून बसता का तुमी?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

पाडव्याच्या तोंडावर अवकाळी आला. गारांसकट. सकाळी आम्ही जीपने तांड्यावर गेलो. ताई वाटभर पदराचं टोक मुठीत आवळून बसली होती. मैदानात कुणी फ्लेक्स पांघरले होते. पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे हसरे चेहरे मधोमध चिरलेले आणि खालून पिवळं पाणी वाहत होतं. काकांची ताडपत्री अजून झाकलेलीच होती.

"तुमीच उघडा," ते म्हणाले. "जे झालं असंल ते तुमच्यासमोर होऊ द्या."

ताईने वाकून टोक उचललं. आतून ऊब आली, उकडलेल्या हळदीचा वास आला, आणि जोडाच्या बरोबर खालची माती उडाली. कोरडी माती. मी कितीतरी सभांना उभी राहिलेय, घोषणांनी छाती भरून आलीय. पण त्या एवढ्याशा धुळीपुढे मला हात जोडावेसे वाटले.

"आता सांगा," काका म्हणाले. ताईने सांगितलं. त्यांनी वर थोडे ठेवले. "नांदेडचं भाडं वाचलं की."

तोवर घराघरांतून बाया आपापल्या ताडपत्र्या ओढत आल्या होत्या. मला वाटलं ताई सगळ्या घेईल, तिची गरज तशीच होती. ती एकेक उन्हात धरून बघत होती. "ही जीपमधी टाका. ही बी. ही न्हाई मावशी, ही उन्हानं मेलीय. शिवली तर माझा टाका राहील, तुमची हळद राहायची न्हाई. गोठ्यावर टाका हिला." मावशी हुज्जत घालायला लागल्या, तरी ती बधली नाही. मला भरलेला शाईचा डबा आठवला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मालक आले. छपाईचं यंत्र भिंतीला सरकलं होतं, बाकी सगळा गाळा ताडपत्र्यांनी भरलेला. त्यांना बसायला जागा सापडेना. शेवटी एका घडीवरच टेकले आणि आजूबाजूला बघत राहिले. "भाच्याला सांगतो, दुसरीकडं बघ म्हणून," ते म्हणाले.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. तिचे हात गुंतलेले, म्हणून मी उचलला. सासरहून होता.

मी तिच्याकडे बघितलं. तिने दाभण जोडातून आरपार काढलं, आप्पांनी मेण लावून पुढे केलेला दोरा घेतला आणि मान वर न करता म्हणाली, "त्यांना सांग, हात रिकामे न्हाईत."